फिरती काच

फर्निचरचं ते दुकान बंद पडून वर्ष होत आलं होतं. ‘जागा भाड्याने देणे आहे’ हा शटरवरचा कागद उन्हाने पिवळा पडून एका कोपऱ्यावर लोंबत होता. त्याच शटरसमोर आता सकाळपासून रांग लागायची. रांग औषधाच्या दुकानापर्यंत जायची आणि तिथून वळून मागच्या गल्लीत शिरायची. औषधवाला वैतागला होता. “दारात उभे राहतात आणि घेत काही नाहीत,” तो म्हणायचा. “पूर्वी खोकला तरी घेऊन यायचे.”

रांगेतल्या प्रत्येकाकडे कॅमेरा. बहुतेकांच्या हातात मोबाइल, पण काहींनी लग्नात घेतलेले जुने कॅमेरे कपाटातून काढून, बुरशी पुसून आणलेले. कारण शटरमागे बसणाऱ्या छबीबाबाची तशी अटच होती. कॅमेरा आपला आपण आणायचा.

“कॅमेरा तुमचा, डोळा तुमचा, माणूसही तुमचंच,” शटर अर्धं वर करून बाबा सांगायचा. “माझं इथे काय आहे? मी फक्त दार उघडतो. माणूस खोटं बोलेल, बायको बोलेल, पुढारी तर बोलणारच. कॅमेरा खोटं बोलतो का?”

“नाही,” रांग म्हणायची.

आत काय होतं ते ऐकीव नाही, मी पाहिलं आहे. लांबट खोली, भिंतींना काळे पडदे. टोकाला एक खुर्ची आणि वरून एक मंद दिवा. ज्याचं माणूस गेलं त्याला मागच्या दाराने नेऊन त्या खुर्चीत बसवायचे. बरोबरच्या नातेवाइकाने अलीकडे, दोरीच्या मागे उभं राहायचं. मग बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा आणि हळूहळू, धुकं जमावं तसं, खुर्चीशेजारी गेलेलं माणूस उभं राहायचं. ओळखू येईल असं, पण आरपार दिसेल असं. नातेवाइकाने फोटो काढायचा. फोटोत ते माणूस यायचं. खुर्चीत बसलेल्याला मात्र काही दिसत नसे, त्याने नंतर फोटोतच बघायचं.

“मला का नाही दिसलं?” असं कोणी विचारलं तर बाबा म्हणायचा, “पाठीशी उभं असलेलं माणूस दिसतं का कधी? जाणवतं.” यावर समोरच्याला रडू फुटायचंच.

दोरी ओलांडायची नाही, असा नियम होता. फ्लॅश मारायचा नाही, कारण आत्मे उजेडाला बुजतात. बाजूला सरकून तिरका फोटो घ्यायचा नाही. आणि नाव आधी सांगून जायचं, बोलावणं काही दिवसांनी यायचं. तिकडून निघायला वेळ लागतो म्हणे. इतका नियमाने चालणारा परलोक मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीतही, जिथे मी आयुष्य काढलं, एवढे नियम नव्हते.

मी फोटो काढतो, बरीच वर्षं. आमचा एक क्लब आहे. क्लब म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी चहा पिणारी चार-सहा माणसं. कोणी घड्याळाचा मनोरा काढतं, कोणी जुना दगडी पूल, कोणी तळ्यावरचे बगळे. तोच मनोरा, तोच पूल, आणि माझा संशय आहे की बगळेही तेच. आमच्यातला जाणता म्हणजे मास्तर. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला खंड्या पक्ष्याचं वेड. खंड्या पाण्यात सूर मारतो त्या क्षणाचा फोटो मिळावा म्हणून तो तळ्याकाठी बसून बसून मणक्याचं दुखणं घेऊन बसला.

क्लबची एक रीत आहे. पूल किंवा मनोरा काढायचा तर फोटोत एक माणूस उभं करायचं, म्हणजे तो केवढा आहे ते बघणाऱ्याला कळतं. त्याला आम्ही मापाचं माणूस म्हणतो. माझं मापाचं माणूस म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून ती पुलाखाली, मनोऱ्याखाली, गिरणीच्या चिमणीखाली उभी राहत आली. “लोकांच्या बायका फोटोत असतात,” ती म्हणायची, “मी फूटपट्टी आहे.”

गेल्या वर्षी ती गेली. छातीचा कर्करोग. कळलं तेव्हाच उशीर झाला होता. तिच्यानंतर मी एकदा पूल काढून पाहिला. तो केवढा आहे ते फोटोत कळत नव्हतं. मग मी फक्त तळं काढायला लागलो.

मुलगी याच गावात दिलेली. जावई मालट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. एका संध्याकाळी ती आली आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाली, “अप्पा, उद्या माझा नंबर आहे. कॅमेरा घेऊन या.”

“कसला नंबर?”

“कसला ते तुम्हाला माहीत आहे.”

“मला नको.”

“तुम्हाला नको असेल. मला हवाय. खुर्चीत मी बसणार, फोटो कोण काढणार? शिवणवाल्या काकू मोबाइल घेऊन येतायत, पण त्यांचा हात थरथरतो. आणि तुम्ही एवढे फोटोवाले घरात.”

शिवणवाल्या काकू तिच्या शेजारी राहतात. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचा एकुलता मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. छबीबाबा आल्यापासून त्या दर आठवड्याला त्या खुर्चीत बसून येत होत्या. त्या परत जेवायला लागल्या होत्या, हेही खरं.

मी नको म्हणालो ते शहाणपणाने नव्हे. ती दिसली तर मी काय करणार, याची धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो होतो, तिथूनच कॅमेरा खांद्याला लावून बंद दुकानाकडे गेलो. बाबाला जवळून तेव्हाच पाहिलं. दाढी नाही, माळा नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबासारखा.

“या, या. कॅमेरा मोठा आहे,” तो म्हणाला. “जेवढा मोठा कॅमेरा, तेवढं मोठं सत्य.”

मुलीला मागच्या दाराने नेऊन खुर्चीत बसवलं. मी आणि काकू दोरीमागे. उभं माणूस येणार म्हणून मी सवयीने कॅमेरा उभा धरला आणि डोळा लावला. बाबा पुटपुटू लागला. जरा वेळाने काकूंनी माझा दंड धरला.

“आल्या. वहिनी आल्या.”

मला कॅमेऱ्यातून फक्त खुर्ची आणि मुलगी दिसत होती. मी कॅमेरा खाली घेतला.

ती उभी होती. मुलीच्या खांद्याशेजारी, कपाळाशी हात धरून, खांद्याला पिशवी लावून. पिशवीचा बंद दिसत होता. मी कॅमेरा परत वर केला. नाही. खाली घेतला. होती.

मी बटण दाबलं. फोटोत मुलगी एकटी. काकूंच्या मोबाइलमध्ये मात्र ती होती, हललेली पण होती.

“तुमच्या मनात किंतु आहे,” बाबा हलक्या आवाजात म्हणाला. “लेन्सला तो कळतो, काका.”

मला वाईट वाटलं ते या वाक्याचं. इतकी वर्षं फक्त माझ्याच कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली बाई सगळ्यांच्या मोबाइलमध्ये यायला तयार होती, माझ्या कॅमेऱ्यात नव्हती. रुसायची तेव्हा ती अशीच करायची. मी चक्क तिची समजूत काढायला शब्द शोधायला लागलो.

तेवढ्यात बाबा मुलीला म्हणाला, “आई सांगते आहे, डावीकडची ती गाठ मी माझ्याबरोबर नेते. सुया टोचून घेऊ नकोस. मला टोचल्या, त्याचं काय झालं ते पाहिलंस ना? माझ्याजवळ आणखी दोनदा येऊन बस. विरघळेल.”

मुलीने मान हलवली. गाठीचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी तिच्या स्वयंपाकघरात मी विचारलं, “कसली गाठ?”

ती धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. “असेल काहीतरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई घालून तपासू.”

“कधी म्हणाल्या?”

“झाले दिवस. रांगेत काकूंना तेवढं बोलले होते.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही परत जेवण सोडलं असतं. आधीच शर्टात दुसरा माणूस मावेल एवढे झालायत.”

“अगं, पण आईचंही असंच...”

“आईचं काय? आईने सुया घेतल्या, औषधं घेतली, केस गेले, नखं काळी पडली. वाचली का? मग मी ऐकायचं कोणाचं? ज्यांनी तिला वाचवली नाही त्यांचं, की ज्याने परत दाखवली त्याचं?”

“तिला उशीर झाला होता.”

“प्रत्येकालाच उशीर झालेला असतो, अप्पा. डॉक्टरांच्या तोंडी तेच एक वाक्य.”

तिने काकूंनी पाठवलेला फोटो माझ्यासमोर धरला. मी तो बोटांनी मोठा केला आणि बघत बसलो. हा माझाच फोटो होता. पुलाखाली मी तिला उभी केली होती ना, तो. वाचनालयात आमचं प्रदर्शन लागलं तेव्हा तो महिनाभर भिंतीवर होता. पूल कापून टाकला होता, तेवढाच फरक.

“काकू म्हणतात, हात वर करून आशीर्वाद देतेय,” मुलगी म्हणाली.

“आशीर्वाद कसला. ऊन लागत होतं म्हणून कपाळाशी हात धरलाय. आणि मला म्हणत होती, आटपा आता, नळाचं पाणी जाईल.”

तिला हसू आलं. मग ते गेलं. “ती नेहमी तशीच उभी राहायची. मग येतानाही तशीच येणार ना.”

“आणि पिशवी? पिशवी डाव्या खांद्याला आहे. ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजायचा. ती डावीकडे रुमालसुद्धा धरत नव्हती. हा फोटो त्यानंतरचा आहे, पिशवी उजव्या खांद्याला होती. मी काढलाय.”

मुलीने फोटो पाहिला. क्षणभर वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, “वर गेल्यावर सूज राहते का, अप्पा?”

विश्वासाला उत्तर चटकन सापडतं. शंकेला घरोघर हिंडावं लागतं. मी मास्तरकडे गेलो.

मास्तर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. मी सगळं सांगितलं. त्याने झारी खाली ठेवली.

“मीही जाऊन आलोय,” तो म्हणाला. “क्लबात बोललो नाही. माझ्याच कॅमेऱ्यात माझे वडील आले. जन्मभर पोरांना सांगितलं, प्रयोग करा, पुरावा मागा. पुरावा माझ्याच हातात आला, तर मी घरी येऊन झोपून राहिलो.”

“मास्तर, माझ्या कॅमेऱ्यात ती आलीच नाही. तो म्हणतो मनात किंतु आहे.”

“किंतु मनात असतो. लेन्सवर काय होतं ते सांग.”

मी कॅमेरा पिशवीतून काढला, आणि दोघांनी एकदमच पाहिलं. लेन्सवर फिरती काच तशीच होती.

ही काच तळ्यावर लागते. पाण्यावर आभाळाची चकाकी असते, तिच्यामुळे खालचं काही दिसत नाही. ही काच लेन्सवर बसवून तिचं कडं गोल फिरवलं की एका ठिकाणी चकाकी विझते आणि पाण्याखालचे दगड, मासे दिसायला लागतात. घरात ती कोणी लावत नाही, कारण तिच्यामुळे अंधार होतो. बाबाकडे जाताना क्लबातल्या कोणीही ती आठवणीने काढून ठेवली असती. मी विसरलो होतो.

“कॅमेरा आडवा धरलेलास की उभा?” मास्तरने विचारलं.

“उभा.”

“बरोबर. पाणी आडवं असतं. तळ्यासाठी लावलेली काच कॅमेऱ्याबरोबर तू उभी फिरवलीस. म्हणजे समोर उभी काच असेल तर तिच्यावरची चकाकी नेमकी मारली गेली.” तो उत्साहाने बोलायला लागला होता. “म्हणजे खुर्चीच्या पुढे काच आहे, तिरपी. आणि त्यात दिसतं ते प्रतिबिंब. म्हणूनच पिशवी उलट्या खांद्याला. म्हणूनच तिरकं उभं राहायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. तुला डोळ्यांनी दिसली ती फक्त चकाकी...”

तो थांबला. “माफ कर,” म्हणाला.

“असू दे.”

त्याने खिडकीची एक सुटी काच आणली, ती जेवणाच्या टेबलावर तिरपी उभी केली. काचेच्या मागे एक पेला ठेवला. बाजूला पुस्तकांच्या आडोशाला मेणबत्ती लावली. पेल्याच्या आत ज्योत जळताना दिसायला लागली. पेल्यात पाणी ओतलं. ज्योत पाण्यात जळत होती. मी फिरती काच डोळ्यासमोर धरून फिरवली. ज्योत विझली, पेला राहिला. पुन्हा फिरवली. ज्योत आली. लहान मुलाला दाखवायचा खेळ होता तो.

“उद्याच जाऊ,” मास्तर म्हणाला. “सगळ्यांसमोर पडदा ओढू.”

“नको. आपण ओढला तर तो म्हणेल, जागा बाटवली. मुलगी माझ्याकडे रागाने बघत बसेल, काचेकडे बघणार नाही. तिचं तिलाच दिसलं पाहिजे.”

मी मुलीला सांगितलं, तुझ्या पुढच्या वेळी खुर्चीत मी बसतो. तिला इतका आनंद झाला की मला लाज वाटली. तिने मला धुतलेला शर्ट घालायला लावला. मी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला.

“फोटो काढायच्या आधी एक कर,” मी म्हणालो. “डोळा लावून ठेव आणि हे पुढचं कडं सावकाश पूर्ण फिरव. काय दिसतं ते बघ. बाकी मी काही बोलणार नाही.”

“का?”

“तू बघ.”

दाराशी बाबाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काका, आज किंतु घरी ठेवून आलात ना?”

“घरीच ठेवला,” मी म्हणालो.

मला मागच्या दाराने नेलं. खुर्ची थंड होती. समोर अंधार, अंधारापलीकडे दोरी, दोरीमागे मुलगी, काकू आणि नंबर बदलून घेतलेला मास्तर. बाकीची रांग दारात माना काढून उभी. माहीत नसतं तर समोर हवा आहे असंच वाटलं असतं. पण आता माहीत होतं, म्हणून त्या हवेत एका जागी बोटांचे ठसे दिसले. पुसायचे राहिले होते.

पुटपुट सुरू झाली. काकू म्हणाल्या, “आल्या.” रांग कुजबुजली. मुलीने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तिचा डावा हात लेन्सवर फिरायला लागला. मी तिच्याशिवाय कुठे पाहिलं नाही.

“गेली,” ती म्हणाली.

हात फिरतच होता.

“आली.” मग, “गेली.” मग अगदी बारीक आवाजात, “आली.”

“ताई, यंत्राशी खेळू नका,” बाबा म्हणाला. “त्यांना त्रास होतो.”

“तुम्हीच म्हणालात ना, कॅमेरा खोटं बोलत नाही?”

“कॅमेरा नाही बोलत. पण हात...”

“मग मी हात लावला की आई का जाते?”

तिने कॅमेरा काकूंच्या हातात दिला, वाकून दोरीखालून आली आणि माझ्या दिशेने चालायला लागली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी जे तिला दिसत होतं त्याच्याकडे बघत, हात पुढे करून येत होती. मधेच टक् आवाज झाला. तिची बोटं हवेत आपटून थांबली. तिने तळवा टेकवला. तो तळवा पांढरा, चपटा झालेला मला या बाजूने दिसला. मी खुर्चीतून उठलो आणि माझ्या बाजूने तिथेच हात टेकवला. मधे बोटभर जाडीची काच होती. दुकानाच्या दर्शनी शोकेसची, इथे आणून तिरपी उभी केलेली.

मास्तरने बाजूचा पडदा ओढला.

आत एक पोरगेला मदतनीस दिव्याचं बटण धरून बसला होता. ते हळूहळू फिरवलं की माणूस धुक्यातून आल्यासारखं येतं. दिव्यासमोर, काळ्या कापडावर, माझी बायको होती. पुरुषभर उंचीची, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, कडेने कापलेली. पुलाचा एक दगड कापायचा राहिला होता, तो तिच्या कोपराला चिकटून होता. आणि तिच्यामागे भिंतीला टेकून रांगेतल्या सगळ्यांची माणसं उभी होती. मास्तरचे वडील. काकूंचा मुलगा, ज्या फोटोवरून त्यांनी भिंतीवरची तसबीर करून घेतली तोच. कोणाचा नवरा, कोणाची सासू. पाळीची वाट बघत, पुठ्ठ्याची. नाव आधी का सांगायचं, तिकडून निघायला वेळ का लागतो, ते आता कळलं. छापायला वेळ लागतो.

बाबा डगमगला नाही. “आत्म्याला टेकायला काहीतरी लागतं,” तो रांगेला म्हणाला. “काच हे फक्त दार आहे. मी काय म्हणत होतो? मी फक्त दार उघडतो.”

“आणि पुठ्ठा कशाला लागतो?” मागून औषधवाल्याने विचारलं. दुकान सोडून तो कधी आला कळलं नाही. “दाराला पाटी म्हणून?”

कोणीतरी हसलं. हसू एकदा फुटलं की अशा जागा टिकत नाहीत. पण सगळे हसले असं समजू नका. एक म्हातारा मला म्हणाला, “तुम्हाला नव्हतं बघायचं तर घरी बसायचं होतं.” दोघं-तिघं बाबाच्या अंगावर धावून गेले, त्यांना मास्तरने अडवलं. काकूंनी आत जाऊन आपल्या मुलाचा पुठ्ठा उचलला, काखेत धरला आणि निघून गेल्या.

बाबा त्याच आठवड्यात नाहीसा झाला. पोलिसांत कोणी गेलं नाही. जायचं म्हणजे आपण फसलो हे सहीनिशी लिहून द्यायचं. काच तेवढी राहिली आहे दुकानात. नवा भाडेकरू तिची शोकेस करणार आहे.

मी मुलीला घरी सोडायला गेलो. दारात आल्यावर म्हणाली, “तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं.”

“माहीत होतं.”

“मला ती परत हवी होती, अप्पा.”

“मलाही.”

“उद्या चलता का बरोबर?” कुठे ते तिने सांगितलं नाही.

सुई घातली, तपासणी झाली. गाठ साधी निघाली असं मला लिहायला आवडलं असतं. ती साधी नव्हती. पण लहान होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, आणि हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं. ऑपरेशन झालं आहे, औषधं चालू आहेत. ती थकते, चिडते, जावयाला फोनवर झापते. डॉक्टरांना आशा आहे. मी आशेपेक्षा तारखांवर लक्ष ठेवतो, कोणत्या दिवशी कुठली बाटली.

शिवणवाल्या काकू परवा मुलीच्या जिन्यात भेटल्या. पूर्वी त्यांना माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की तिथल्या तिथे लावून द्यायच्या. आता बोलत नाहीत. परवा मात्र थांबल्या.

“तुमची मुलगी वाचेल. चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा मात्र दुसऱ्यांदा गेला.”

ज्याचं माणूस गेलं आहे त्याला ते दिसावंसं वाटतं, ही काही अंधश्रद्धा नव्हे. मलाही वाटतं, हे लिहितानाही वाटतं. लबाडी त्याच्या पुढे सुरू होते. आपल्या माणसाचा चेहरा लावून कोणी आपल्याशी बोलायला लागतो आणि सांगतो, अमुक कर, तमुक करू नकोस. काकूंना तो फक्त ‘मी सुखात आहे’ म्हणत होता, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही असं वाटतं. माझ्या मुलीला त्याच तोंडाने त्याने दवाखाना सोडायला लावला. काच तीच, दिवा तोच.

तो आता दुसऱ्या एखाद्या गावात असेल. कदाचित तुमच्या. ज्याला तपासू देत नाहीत ते खरं असलं तरी आपल्या उपयोगाचं नाही, एवढं धरून चाला. उभं राहायची जागा कोणी ठरवून देत असेल तर दोन पावलं बाजूला सरका आणि तिथून बघा. दोरी बांधली असेल तर तिच्याखालून जा. खरं असेल तर ते तिथेही खरंच असेल. खोटं असेल तर फार तर हात आपटेल.

आणि अंगावर कुठे गाठ लागली असेल, तर हे वाचून झाल्यावर बाजूला ठेवा आणि दवाखान्याची वेळ घ्या. उद्याची मिळाली तर उद्याची. एकटं जाववत नसेल तर कोणाला तरी म्हणा, चल. माणसं येतात बरोबर. विचारलं की येतात.